इथल्या फळांना म्हणे चवच नाही!

परवा एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. जुलैतला शनिवार, दहा-बारा मराठी कुटुंबं, मागच्या अंगणात मुलांचा दंगा आणि आत नेहमीचा बेत. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि गोडाला आमरस. आमरस अर्थातच डब्यातला. डबा फोडायचा, थोडं दूध घालायचं, वेलची-जायफळ घालून ढवळायचं, की झाला आमरस. मी तो आजवर शेकडो वेळा खाल्ला आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. निदान त्या दिवसापर्यंत नव्हती.

वाढता वाढता तिथल्या एका ज्येष्ठ काकांनी ते वाक्य टाकलं. "इथल्या फळांना चवच नसते हो. नुसती दिसायला छान. खाल्लं तर पाणी, नाहीतर लाकूड. आपल्या हापूसची सर कशाला येणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. हे वाक्य आमच्याकडे आरतीसारखं आहे. एकाने सुरुवात केली की बाकीचे आपोआप धरतात, शब्द सगळ्यांचे पाठ असतात.

माझी लेक, वय वर्षं नऊ, शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "काका, मला पीच जास्त आवडतं. आमच्याकडे बाबा त्याचं सॉर्बे करतो."

काका हसले. "पीच? अगं, तू खरा आंबा खाल्लाच नाहीस, तुला काय कळणार!"

सगळे हसले. कुणाचा हेतू वाईट नव्हता, काका तर फारच प्रेमळ माणूस. पण लेक गप्प झाली आणि वाटीतला रस चमच्याने नुसता फिरवत बसली. आणि मी? मीही हसलो. घरी येताना गाडीत मागच्या सीटवरून आवाज आला, "बाबा, तू का नाही काही बोललास? तुला पण आवडतं ना?"

उत्तर सुचलं नाही. रेडिओचा आवाज वाढवला.

तेव्हा त्या वेळी जे बोलायला हवं होतं ते आता लिहितोय. काका हे वाचणार नाहीत, पण माना डोलावणाऱ्यांपैकी दोघे-तिघे नक्की वाचतात. त्यांनी वाचावं आणि खुशाल भांडावं.

तर मुद्दा पहिला. इथल्या फळांना चव नसते हे वाक्य सरळ सरळ खोटं आहे. मला हे ठामपणे म्हणता येतं, कारण पहिली काही वर्षं मीच ते रोज म्हणत होतो. कॅलिफोर्नियात आलो तेव्हा सुपरमार्केटमध्ये पहिल्यांदा पीच पाहिलं. लालभडक, गुळगुळीत, सगळी एका मापाची, जणू साच्यातून काढलेली. महिना जानेवारी. घरी आणून चावलं तर आत ओल्या कापसाचा बोळा. झालं, मत बनलं, आणि त्याच संध्याकाळी आईला फोनवर ते कळवूनही टाकलं.

जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या पीचच्या झाडावर पानसुद्धा नसतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. ते फळ चिलीहून, विषुववृत्त ओलांडून आलेलं होतं. कडक असतानाच तोडलेलं आणि कित्येक दिवस शीतगृहात राहिलेलं. मी दिवाळीत हापूस मागितला असता आणि दुकानदाराने हिरवी कैरी हातात ठेवली असती, तर मी हापूसला नावं ठेवली असती का? नसती ठेवली. मी दुकानदाराला हसलो असतो, आणि खरं तर स्वतःलाच हसलो असतो. आंब्याच्या बाबतीत आम्हांला सगळं कळतं. देवगड कुठला, रत्नागिरी कुठला, पेटी कधी उघडायची, देठाशी वास कसा घ्यायचा, सगळं. कोकणात अवकाळी पाऊस झाला आणि मोहोर गळला तर इथे सात समुद्रापलीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर सुतक पाळलं जातं. पण २०२३ साली जॉर्जियात हिवाळा नको तेवढा उबदार गेला, मग मार्चमध्ये थंडीचा तडाखा बसला आणि तिथलं ९० टक्क्यांहून जास्त पीच बुडालं, तेव्हा आमच्यापैकी एकानेही चकार शब्द काढल्याचं आठवत नाही. जॉर्जियात मराठी माणसं नाहीत असं नव्हे. अटलांटात भरपूर आहेत. ज्या गाडीतून ती ऑफिसला जातात तिच्या नंबरप्लेटवरसुद्धा पीचचं चित्र असतं!

मुद्दा दुसरा, आणि हा जरा शास्त्राचा. आमची अडचण नुसती आळसाची नाही. आम्ही आंब्याचे नियम पीचला लावतो, आणि ते नियम तिथे चालत नाहीत.

आंबा जून झाला की कच्चाच उतरवतात आणि गवताच्या अढीत घालतात. तो अढीत गोड होतो, कारण कैरीत साठवलेला स्टार्च असतो आणि पिकताना त्याची साखर होते. पीचकडे असा साठा जवळजवळ नसतोच. त्याची साखर झाडाकडूनच येते, शेवटच्या दिवसांपर्यंत येत राहते, आणि देठ तुटला की ती वाट बंद होते. तोडलेलं पीच घरी ठेवलं तर मऊ होईल, त्याचा वास खुलेल, आंबटपणा थोडा उतरेल, पण गोडी जी आहे ती आहे, वाढणार नाही. म्हणजे ज्या माणसाने ते तीन दिवस आधी तोडलं, त्याने त्याची चव कायमची ठरवून टाकली. आम्ही मात्र तांदळाच्या डब्यात कडक पीच पुरून चमत्काराची वाट बघतो. (हो, हे मी केलेलं आहे. बायको अजून चिडवते.)

त्याहून मोठं पाप म्हणजे फ्रिज. न पिकलेलं पीच साधारण २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये काही दिवस राहिलं की आतून बिघडतं. रस सुटेनासा होतो, गर भुसभुशीत, लोकरीसारखा होतो. आणि तुमच्या-माझ्या घरच्या फ्रिजचं तापमान किती असतं? ४ अंशांच्या आसपास. नेमकं त्या पट्ट्याच्या मधोमध! फळ आणायचं, कडक आहे म्हणून फ्रिजमध्ये टाकायचं, आठवड्याने काढायचं आणि मग म्हणायचं, "बघा, लाकूड!" अहो, ते लाकूड आपल्याच स्वयंपाकघरात तयार झालेलं असतं. पीच आधी बाहेर, ओट्यावर, देठाची बाजू खाली करून पिकू द्यायचं, आणि पूर्ण पिकल्यावरच, तेही दोन-तीन दिवसांसाठी, फ्रिजमध्ये. एवढंच पथ्य आहे.

तिसरा मुद्दा रंगाचा. पीचवरची लाली पिकल्याची खूण नाही. ती जातीवर आणि उन्हावर अवलंबून असते. बघायचा असतो लालीच्या मागचा रंग, देठाजवळचा. तिथे हिरवट झाक असेल तर फळ कच्चं, पिवळी किंवा सायीसारखी असेल तर तयार. पण गिऱ्हाईक लाल बघून घेतं, म्हणून दुकानं लाल मागतात, म्हणून बागवाले लाल आणि टणक जाती लावतात. आता यात गुन्हेगार कोण? आपणच ना?

फ्रेझ्नोजवळ डेल रे नावाच्या गावात डेव्हिड मास मासुमोतो नावाचा शेतकरी आहे. त्याच्या बागेत सन क्रेस्ट नावाची पीचची जुनी जात होती. चवीला अप्रतिम, पण बाजाराला हवी तेवढी लाल दिसत नाही आणि फार टिकत नाही. व्यापारी घेईनात. झाडं उपटून टाकायची वेळ आली तेव्हा, १९८७ साली, त्याने लॉस एंजेलिस टाइम्समध्ये त्यावर लेख लिहिला. वाचकांची पत्रं आली, झाडं ठेव म्हणून. त्याने ठेवली, आणि १९९५ साली 'एपिटाफ फॉर अ पीच' हे पुस्तकही लिहिलं. मृत्युलेखच तो, पण ज्याचा लिहिला ते झाड जिवंत राहिलं.

मला या माणसाबद्दल सांगायचं आहे ते आणखी एका कारणासाठी. तो जपानी वंशाचा, इथे आलेल्यांची तिसरी पिढी. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या घरच्यांना केवळ वंशामुळे वाळवंटातल्या छावणीत डांबलं होतं. म्हणजे या देशावर रुसून बसायचं रास्त कारण कुणाला असेल तर ते त्या घराला होतं. तरी ती माणसं परत आली, त्यांनी इथली जमीन घेतली, आणि नातू एका चवदार, पण बाजारात न खपणाऱ्या पीचसाठी भांडला. आम्हांला ना कुणी छावणीत टाकलं, ना कुणी हाकललं. आम्ही विमानाचं तिकीट काढून, स्वखुशीने, चांगल्या पगारावर आलो. आणि आमचा रुसवा बघा! तीस-तीस वर्षं झाली तरी इथलं एक फळ धड ओळखत नाही.

असो. चिडचिड पुरे, आता सॉर्बेकडे वळतो. कारण वादात पुरावा लागतो, आणि माझा पुरावा फ्रीजरमध्ये आहे.

माझ्या मतपरिवर्तनाचं श्रेय एका पुठ्ठ्याच्या खोक्याला आहे. काही वर्षांपूर्वी जुलैअखेरीस रविवारच्या फार्मर्स मार्केटात गेलो होतो, भेंडी आणायला. बाजार उठायची वेळ झालेली. एका बाईंच्या टेबलाखाली मार लागलेल्या, डागी पीचचं खोकं होतं. काही इतकी पिकलेली की बोट लावलं तर खड्डा पडावा. त्यांनी एक फोड कापून हातावर ठेवली. ती खाताना रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला, आणि तिथे उभ्या उभ्या मला आमच्या जुन्या घराचा मागचा ओटा आठवला, जिथे आई आम्हां भावंडांना बनियनवर बसवून आंबे खायला द्यायची. चव आंब्याची नव्हती हो. तो कोपरापर्यंत जाणारा ओघळ तेवढा तोच होता.

अख्खं खोकं अगदी स्वस्तात मिळालं. घरी आणलं आणि प्रश्न पडला की या दहा-बारा किलोंचं करायचं काय? उद्यापर्यंत निम्मी नासणार. तेव्हा पहिल्यांदा सॉर्बे केलं.

नावाला घाबरू नका. सॉर्बे हा शब्द आपल्या सरबताचा सख्खा भाऊ आहे. अरबीतल्या 'पिणे' या अर्थाच्या धातूपासून निघून, तुर्कांच्या तोंडून इटलीत आणि तिथून फ्रान्समध्ये गेला, तर दुसरीकडे फारसीतून आपल्याकडे आला. म्हणजे फळ, साखर, लिंबू, चिमूटभर मीठ, आणि बर्फ. दूध नाही, साय नाही, अंडं नाही. मी आईस्क्रीमऐवजी सॉर्बेचा आग्रह धरतो तो याचसाठी. दुधा-सायीत सुमार फळ लपून जातं, सॉर्बेत लपत नाही. फळाला चव असेल तर ती दिसते, नसेल तर तेही दिसतं. काकांच्या आरोपाची याहून चांगली परीक्षा मला तरी माहीत नाही.

माझी पद्धत अशी. मध्यम आकाराची आठेक पूर्ण पिकलेली पीच घ्यायची, म्हणजे साल आणि बी जाऊन साधारण किलोभर गर निघतो. जुलै-ऑगस्टमधल्या बहुतेक जातींची बी गरापासून सहज सुटते. हंगामाच्या सुरुवातीची मात्र बीला चिकटून असतात, तिथे वैतागू नका, सुरीने कापून काढा. सालीवर खालच्या टोकाला फुलीसारखी चीर द्यायची, उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट, की लगेच बर्फाच्या पाण्यात. साल अंगरख्यासारखी उतरते. फोडींवर लगेच दोन मोठे चमचे लिंबाचा रस, नाहीतर गर सफरचंदासारखा काळपट पडतो. मग किलोला २०० ते २२० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालून अर्धा तास झाकून ठेवायचं. साखर विरघळते, रस सुटतो. मिक्सरमधून फिरवायचं. पाणी घालायचं नाही, थेंबभरही नाही. वेलची? मी नाही घालत. प्रत्येक गोडाला वेलची लावून आपल्या धर्मात घेतलंच पाहिजे असं नाही. :)

आता साखरेवरून भांडण होणार हे मला माहीत आहे, कारण दर वेळी होतं. "एवढी साखर? मी निम्मीच घालते." घाला की. आणि मग फ्रीजरमधून वीट बाहेर आली की सॉर्बेला दोष द्या! साखर इथे नुसत्या गोडीसाठी नसते. पाण्यात साखर विरघळली की ते शून्याखालीसुद्धा सगळं गोठत नाही, थोडं पातळच राहतं, आणि म्हणून चमचा आत जातो. पीचची स्वतःची साखर १०० ग्रॅमला आठ-साडेआठ ग्रॅम. त्यात वरची मिळवली की मिश्रणात साधारण पाव हिस्सा साखर होते, आणि सॉर्बेला तेवढी लागते. शिवाय गारठलेल्या जिभेला गोड कमी लागतं. म्हणून गोठवण्याआधी मिश्रण किंचित जास्तच गोड वाटलं पाहिजे. मधुमेह असेल तर दोन चमचे खा, किंवा खाऊ नका, नुसतं पीच खा, ते उत्तमच आहे. पण पदार्थ बिघडवून त्याला आरोग्य म्हणू नका. आणि हे सांगणाऱ्यांच्या वाटीत त्या दिवशी डब्यातला आमरस दोनदा वाढला गेला होता, आणि त्या डब्यातही साखर घातलेली असते, हे मी शेजारी बसून पाहिलेलं आहे.

"आमच्याकडे मशीन नाही." नसू दे. मिश्रण पसरट स्टीलच्या भांड्यात ओतून फ्रीजरमध्ये ठेवायचं, दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडायचं, तीन-चार तास. जरा रवाळ होतं, पण छान लागतं. किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं आणि खायच्या आधी ते ठोकळे फूड प्रोसेसरमधून काढायचे, चांगलं मऊ होतं. आणि खरं सांगू? ज्यांनी लहानपणी पॉटचं आईस्क्रीम केलंय त्यांनी मशीनचं नाव काढूच नये. लाकडी बादली, मध्ये डबा, भोवती बर्फ आणि जाडं मीठ. मिठाने बर्फ शून्याच्या बराच खाली जातो म्हणून आतलं गोठतं, हे नंतर शाळेत कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की हँडल फिरवून हात गळून पडेपर्यंत आईस्क्रीम होत नाही, आणि शेवटी हँडल फिरेनासं झालं की वर गोणपाट टाकून धाकट्याला त्यावर बसवायचं. मे महिन्यातली ती दुपार आम्हांला जन्मभर पुरली. आता मला सांगा, त्या दुपारीत एवढं काय होतं? आंबा होता, बरोबर. पण आंबा असा हंगामात एकदाच यायचा, तो वाट बघायला लावायचा, घरातली सगळी माणसं त्याभोवती गोळा व्हायची, आणि नासायच्या आत संपवायची घाई असायची. यातलं डब्यातल्या आमरसात काय आहे? त्या डब्याला हंगाम नाही. तो डिसेंबरातही तसाच आणि जुलैतही तसाच. म्हणजे हापूसच्या नावाखाली आम्ही मुलांना जे देतो त्यात हापूसपणातलं काहीच उरलेलं नाही. मात्र डागी पीचच्या खोक्यात ते सगळं आहे, फक्त नाव वेगळं आहे.

"पण हापूस तो हापूसच!" मान्य. हात जोडून मान्य. २००७ च्या एप्रिलमध्ये भारतातला आंबा अमेरिकेत पुन्हा यायला लागला तेव्हा पहिल्या हंगामातली पेटी मीही रांग लावून घेतली होती, किंमत बायकोला न सांगता. ते विकिरण करून, विमानाने आलेले आंबे अर्धे चांगले निघाले, अर्धे आतून पांढरे. चांगल्यातला एक खाताना डोळ्यांत पाणी आलं, हेही कबूल करतो. माझं भांडण हापूसशी नाहीच. हापूस काठीसारखा हातात धरून दुसऱ्या प्रत्येक फळाला बडवण्याशी आहे. आपली आई सुगरण आहे हे सिद्ध करायला शेजारणीच्या स्वयंपाकाला नावं ठेवावी लागत नाहीत, तसंच हे आहे.

आणि आता शेवटचा मुद्दा. ज्या खोऱ्यात बसून आम्ही हे आरतीसारखं म्हणतो, त्या सांता क्लारा खोऱ्याचं सिलिकॉन व्हॅली हे नाव अलीकडचं. त्याआधी त्याला 'व्हॅली ऑफ हार्ट्स डिलाइट' म्हणायचे, कारण इथून तिथून फळबागाच होत्या. जर्दाळू, आलुबुखार, चेरी. वसंतात सगळं खोरं फुलायचं आणि लोक मुद्दाम ते बघायला यायचे. महायुद्धानंतर बागा जाऊन घरं आली, कारखाने आले, मग चिप्स आल्या, मग आम्ही आलो. सनीव्हेलमध्ये जर्दाळूची एक जुनी बाग शहराने अजून राखून ठेवली आहे, सगळ्या इमारतींच्या मधोमध. तिच्यावरून मी कित्येक वर्षं गाडी चालवत गेलो आणि ती झाडं कसली हे कुणाला विचारलंसुद्धा नाही. ज्या जमिनीतून फळबागा उपटून आमचे पार्किंग लॉट झाले, तिथेच गाडी लावून आम्ही म्हणतो, इथल्या फळांना चव नाही. थोडी तरी लाज वाटायला हवी. मला वाटली, म्हणून हे लिहितोय.

माझ्या लेकीचं आजोळ रत्नागिरीचं आहे. शाळेच्या सुट्ट्यांमुळे आम्ही जातो ते डिसेंबरात, आंबा काही तिच्या वाट्याला येत नाही. तिला आंब्याचं प्रेम वारशात मिळावं असं मलाही वाटतं. पण प्रेम असं डब्यातून काढून भरवता येत नाही. तिचं बालपण इथे चाललंय. उद्या ती मोठी होऊन कुठेतरी दूर, नॉर्वेत नाहीतर नागपुरात, राहायला गेली, तर तिला कशाची तरी आठवण यायला हवी की नको? तिला जुलैतलं ते खोकं आठवेल, आंगठ्याने सुटणारी ती मखमली साल आठवेल, बाबा दर अर्ध्या तासाने फ्रीजर उघडून काट्याने खरवडायचा ते आठवेल. ती आठवण खोटी आणि माझी मागच्या ओट्यावरची खरी, हे ठरवायचा अधिकार काकांना नाही आणि मलाही नाही. आणि त्या दिवशी मी हसलो तेव्हा मी नेमकं तेच ठरवून मोकळा झालो होतो.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे बारी आहे. बेत पुऱ्या, भाजी, मसालेभात असाच राहील. गोडाला मात्र पीचचं सॉर्बे आहे, काकांनाही आग्रहाचं बोलावणं आहे. त्यांनी खाऊन खुशाल नावं ठेवावीत. फक्त आधी वाटी संपवावी, आणि लेकीकडे बघून ठेवावीत. या वेळी उत्तर द्यायला मी तिथे असेन.